नादाची गाळणी

भाद्रपदातील एका रात्री मी कुंडमच्या विश्रामगृहाच्या ओसरीवर बसलो होतो. जबलपूर सोडून शहापुरा-दिंडोरीच्या सडकेला लागले म्हणजे तासा-सव्वातासाने हे तहसिलीचे गाव येते. हिरण नदी याच परिसरात उगम पावते आणि पुढे नर्मदेला मिळते. भोवताली गोंडांची खेडी आणि दाट झाडी. पाऊस नुकताच थांबला होता, वीज गेलेली होती, आणि दूर कोठेतरी करमा नाच चालू होता. प्रथम कानी आला तो केवळ मांदराचा घुमारा. धड ठेका नाही, धड बोल नाही, जमिनीतून उमटावा तसा एक खोल ठोका. विजेरी घेऊन मी त्या दिशेने चालू लागलो. अंतर जसजसे तुटू लागले, तसतसा तो घुमारा उजळत गेला. आधी मांदरावरची थाप निराळी उमटली, मग बायकांचे गाणे आले, मग त्या गाण्यातली अक्षरे आली, आणि अगदी जवळ गेल्यावर पायांतील घुंगरांची बारीक किणकिण ऐकू आली.

वास्तविक माझ्या चालण्याने तेथे नवे काहीच वाजू लागले नव्हते. गाणे आणि घुंगरू आरंभापासून वाजतच होते. परंतु मधल्या हवेने आणि झाडीने वरचे बारीक नाद गाळून टाकले होते आणि खालचे जाड नाद तेवढे माझ्यापर्यंत पोहोचू दिले होते. निसर्गाने घातलेली ही एक गाळणीच म्हणावयाची. आज मी जिच्याविषयी बोलणार आहे ती गाळणी मात्र माणसाने केलेली आहे. ती विजेवर चालते, आणि तिचा परिचय मला याच मुक्कामात झाला.

माझा भाचा त्या दिवसांत माझ्याबरोबर होता. तो पुण्यास अभियांत्रिकी शिकतो आणि फावल्या वेळात विजेची वाद्ये जुळवतो. मी परत येऊन हा अनुभव सांगू लागलो तेव्हा तो म्हणाला, "मामा, हेच काम करणारी वस्तू माझ्या पिशवीत आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी वीज आल्यावर त्याने ती दाखविली. अल्युमिनिअमची एक अरुंद पट्टी, उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी सुमारे दोन इंच. तिच्यावर तीन-चार फिरवावयाच्या कळा आणि तितकीच तारा खोचण्याची भोके. मागे इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांनी भरलेला एक पत्रा. अशा अनेक पट्ट्या एका चौकटीत शेजारीशेजारी बसवावयाच्या आणि आखूड तारांनी एकमेकींस जोडावयाच्या, म्हणजे जे वाद्य तयार होते त्यास मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात. एक पट्टी नाद निर्माण करते, एक त्याला लहानमोठा करते, एक त्याला वेळेचे वळण देते. आणि भाच्याच्या हातातली ही पट्टी नाद गाळते. तिचे नाव फिल्टर.

मी विचारले, "अरे, हे सारे हल्ली संगणकावर होते ना?"

"होते, मामा. पण हे १९६०च्या दशकातल्या मंडलावरून नव्याने केलेले आहे. त्याच्या चुकासुद्धा तशाच ठेवल्या आहेत."

सरकारी नोकरीत इतकी वर्षे काढलेल्या माणसाला हे वाक्य चमत्कारिक वाटावे, यात नवल नाही. आमच्याकडे चुका राहतात. हेतुपुरस्सर त्या कोणी ठेवीत नाही, आणि ठेवल्या तर पैसे देऊन त्या कोणी विकत घेत नाही. म्हणून या प्रकरणाच्या मुळाशी जावे असे मला वाटले.

नादाचे तीन धर्म आपल्या संगीतशास्त्रात सांगितले आहेत: उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. पहिल्या दोहोंचा अर्थ सहज कळतो. तिसरा थोडा अवघड आहे. सनई आणि सतार यांवर एकच षड्ज तितक्याच जोराने वाजविला, तरी डोळे मिटून आपण ही सनई आणि ही सतार असे सांगतो. ते ज्यावरून सांगतो ती नादाची जाती होय. ती उत्पन्न होते याचे कारण असे की, कोणताही वाजता स्वर सहसा एकटा नसतो. सेकंदाला २४० कंपने असलेला षड्ज तारेवर छेडला की त्याच्या जोडीला ४८०, ७२०, ९६०, १२०० अशा पटीतील कंपनेही मंदपणे चालू असतात. त्यांतील ७२० हा पंचमाच्या घरचा नाद, आणि १२०० हा शुद्ध गंधाराच्या घरचा. तंबोरा सुरेल लागला असता कोणी न छेडलेला गंधार कानी येतो, तो हाच. आपल्या जुन्या मंडळींनी अशा स्वरांना 'स्वयंभू' असे सुंदर नाव दिले आहे. कोणता स्वयंभू स्वर किती प्रमाणात आहे, यावर नादाची जाती ठरते.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. या विषयाचा आपल्याकडे अर्वाचीन पद्धतीने विचार ज्यांनी केला, त्यांत सरकारी नोकरांची संख्या मोठी भरते. कृष्णाजी बल्लाळ देवल हे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या साहाय्याने स्वरांची कंपने मोजली आणि बावीस श्रुतींवरील आपले पुस्तक १९१० साली प्रसिद्ध केले. त्यांचे सहकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकारी होते. चंद्रशेखर वेंकट रामन हेही १९०७ ते १९१७ पर्यंत सरकारच्या हिशेबखात्यात होते. दिवसा कचेरी आणि उरलेल्या वेळी प्रयोगशाळा असा त्यांचा क्रम असे. देवलांनी मुख्यतः स्वरांची उंची मोजली. रामन यांनी तंबोरा आणि वीणा यांच्या नादाच्या जातीकडे लक्ष वेळले. तार जेथे छेडावी तेथे ज्या स्वयंभू स्वराचा विरामबिंदू पडतो तो स्वर उमटू नये, असा युरोपीय शास्त्राचा नियम होता. तंबोऱ्याची पसरट घोडी आणि तारेखाली सरकविलेला दोरा यांमुळे तो नियम येथे लागू पडत नाही, हे रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले. तार घोडीच्या पाठीला पुनःपुन्हा शिवते आणि त्या शिवण्यातून स्वयंभू स्वरांना पुन्हा बळ मिळते. मिरजेचे कारागीर जी जवारी काढतात, ती हीच. शुद्ध यांत्रिक दृष्टीने पाहिले तर तार घोडीला घासते हा दोषच; पण त्या दोषावाचून तंबोरा हा तंबोरा राहत नाही. भाच्याचे वाक्य समजावून घेताना मला हीच गोष्ट प्रथम आठवली.

आता गाळण्याकडे वळू. जाती बदलण्याचे दोन मार्ग आहेत. एक तर हवे ते स्वयंभू स्वर एकेक करून रचीत जावयाचे, किंवा सर्वांनी भरलेला नाद घेऊन त्यातले नको ते कमी करावयाचे. दुसरा मार्ग आपण सारे जन्मापासून वापरतो. गळा एकच स्वर धरून असतो, आणि ओठ, जीभ व टाळू यांची ठेवण बदलून आपण त्याच स्वरावर 'आ', 'ई', 'ऊ' म्हणतो. कंठातून निघणारा मूळ नाद बहुतांशी तोच. तोंडाची पोकळी त्यातले काही गाळते आणि काही उजळते. 'ऊ'पासून 'आ'पर्यंत एका श्वासात तोंड हळूहळू उघडून पाहावे. कुंडमच्या त्या रात्री मी जे चालत जाऊन ऐकले, ते आपल्या तोंडातच ऐकावयास मिळेल.

विजेच्या साहाय्याने हे कसे करतात? आमच्या जबलपूरच्या घरी आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याच्या एका कळीखाली 'टोन' असे लिहिलेले होते. ती डावीकडे फिरवली की निवेदकाचा आवाज घोंगडीआडून आल्यासारखा होई. त्या कळीमागे मुख्यतः दोन वस्तू असतात: विजेच्या प्रवाहाला अडविणारा रोधक आणि वीज साठवून ठेवणारे धारित्र. पाण्याचा दाखला घेतला तर ही जोडी चटकन समजेल. एका अरुंद नळीतून हौदात पाणी येत आहे अशी कल्पना करा. नळीच्या दुसऱ्या टोकाला दाब सावकाश कमीजास्त झाला, तर हौदाची पातळीही त्याबरोबर वरखाली होते. परंतु तो दाब झपाट्याने कमीजास्त होऊ लागला, तर हौद भरण्यापूर्वीच उतार येतो आणि रिता होण्यापूर्वीच चढ येतो. पातळी जवळजवळ स्थिर राहते. नळी म्हणजे रोधक आणि हौद म्हणजे धारित्र. सावकाश कंपने, म्हणजे खालचे नाद, पार होतात. जलद कंपने, म्हणजे वरचे नाद, हौदात जिरतात. जेथपासून हे जिरणे सुरू होते, त्या कंपनसंख्येला आपण उंबरठा म्हणू.

एका हौदाची गाळणी सौम्य असते. उंबरठ्याच्या बऱ्याच वर गेल्यावर दर सप्तकाला नादाचा आकार निम्मा होतो, एवढेच. एकापुढे एक असे चार हौद बांधले तर निम्म्याचे निम्मे, त्याचे निम्मे आणि त्याचेही निम्मे, म्हणजे दर सप्तकाला सोळावा हिस्सा उरतो. ही चांगली करकरीत गाळणी झाली. पण वाद्य म्हणून तिचा उपयोग व्हावयाचा असेल, तर उंबरठा जागच्या जागी असून चालणार नाही. गाणारा जसा क्षणात तोंड उघडतो आणि मिटतो, तसा तो क्षणात वरखाली झाला पाहिजे. म्हणजे चारही नळ्यांची रुंदी एकाच वेळी आणि एकाच प्रमाणात बदलली पाहिजे. हाताने कळ फिरवून ते साधण्याजोगे नव्हते.

हा प्रश्न सोडविला तो रॉबर्ट मूग यांनी. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ट्रुमन्सबर्ग नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे त्यांचा कारखाना होता. १९६४ साली हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या सहकार्याने त्यांनी पहिली जुळणी केली. विजेच्या दाबानेच वाद्याच्या सर्व अंगांवर हुकमत चालवावयाची, हे त्यांचे सूत्र होते: दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक चढावा. गाळणीसाठी त्यांनी ट्रान्झिस्टरच्या एका स्वभावाचा उपयोग करून घेतला. ट्रान्झिस्टरमधून जितका अधिक प्रवाह न्यावा, तितका त्याचा आतला रोध कमी होतो. म्हणजे ही आपोआप रुंदावणारी नळी झाली! त्यांनी ट्रान्झिस्टरांच्या जोड्या एकीवर एक अशा रचल्या आणि प्रत्येक पायरीवर दोघांच्या मध्ये एक धारित्र ठेवले. कागदावर हे मंडल काढले की हुबेहूब शिडी दिसते, म्हणून त्यास शिडीची गाळणी असेच नाव पडले. शिडीतून वाहणारा एकच प्रवाह कमीजास्त केला की चारही पायऱ्यांचा उंबरठा एकदम हलतो. आणि ट्रान्झिस्टरचा गुण असा की, त्याच्या तोंडाशी केवळ १८ सहस्रांश व्होल्ट वाढविले की प्रवाह दुप्पट होतो. म्हणजे उंबरठा बरोबर एक सप्तक चढतो. संगीताची मोजणी आणि पदार्थाचा स्वभाव येथे आपोआप जुळला. या रचनेच्या एकस्वासाठी मूग यांनी १९६६ साली अर्ज केला आणि २८ ऑक्टोबर १९६९ रोजी ते त्यांस मिळाले.

आता त्या चुकांविषयी. भाच्याने मला तीन चुका प्रत्यक्ष ऐकविल्या.

पहिली अशी. शिडीतून बाहेर आलेला नाद उलटा करून पुन्हा आत सोडता येतो. उंबरठ्यापाशी प्रत्येक पायरीवर कंपन एका फेऱ्याच्या आठव्या भागाइतके मागे पडते. चार पायऱ्यांत अर्धा फेरा मागे पडते आणि आकाराने चौथाई उरते. ते उलटे केले की पुन्हा बरोबरीने येते. चौपट केले की मूळ आकाराचे होते. झोपाळ्याला नेमक्या क्षणी धक्का देत राहावे तसे हे घडते, आणि बाहेरून काहीही न घालता गाळणी स्वतःच गाऊ लागते. चौपटीच्या अलीकडे ती गात नाही, पण उंबरठ्याजवळचा नाद लखलखू लागतो. हा अनुनाद. तथापि त्याची किंमत द्यावी लागते. खालचे नाद शिडीत मागे पडत नाहीत. त्यामुळे उलटून आलेला त्यांचाच भाग त्यांच्याशी झगडतो, आणि अनुनाद पुरा वाढविला असता खर्जाची बाजू पाचव्या हिश्शावर येते. वर उजेड वाढवावा तर खाली अंधार होतो, असा हा व्यवहार आहे.

दुसरी चूक. ही शिडी फार लहान दाबावरच सरळ वागते. पंचवीस-तीस सहस्रांश व्होल्टांच्या पुढे गेले की कंपनांचे शेंडे हळुवारपणे वाकू लागतात. आणि शेंडा वाकला की नादात मुळी नसलेले नवे स्वयंभू स्वर जन्माला येतात. म्हणजे जी वस्तू गाळण्यासाठी केली, ती थोडेसे घालतेही. ऐकणाऱ्याला तो आवाज 'ऊबदार' वाटतो. मला तो ऐकताना मिरजेच्या घोडीवरचा दोरा आठवला.

तिसरी चूक हवामानाची. ते अठरा सहस्रांश व्होल्टांचे प्रमाण तापमानावर अवलंबून असते. दर अंशाला सुमारे तीनशेव्या भागाइतका फरक पडतो. कुंडमची पौषातली पहाट आणि वैशाखातली दुपार यांत तीस अंशांचे अंतर धरले, तर प्रमाण दहाव्या हिश्शाने ढळते. सकाळी लावलेले सप्तक दुपारी सप्तक राहत नाही.

हे ऐकून झाल्यावर मी भाच्याला म्हटले, "तर मग या तिन्ही चुका या नव्या पट्टीत आहेत?" तो हसला. तिसरी नव्हती. तापमानाबरोबर नेमक्या त्याच प्रमाणात वाढणारा एक रोधक बसवून ती दूर केलेली होती. दुसरी तशीच ठेवलेली होती. इतकेच नव्हे, तर शिडीतील ट्रान्झिस्टर हाताने मोजून, जोडीदार जुळवून बसविले होते, म्हणजे शेंडे दोन्ही बाजूंनी सारखे वाकावेत. आणि पहिलीसाठी एक खटका होता. वाजविणाऱ्याने वाटल्यास खर्ज भरून घ्यावा, वाटल्यास मूळच्यासारखा ओसरू द्यावा. म्हणजे 'चुका ठेवल्या आहेत' हे वाक्य अर्धेच खरे होते. जुन्या वस्तूचे पुनरुज्जीवन करणाऱ्याने बसून प्रत्येक दोषाची स्वतंत्र चौकशी केली होती. हा दोष वस्तूच्या स्वभावाचा भाग आहे, की केवळ त्या काळच्या साधनांची मर्यादा आहे? पहिल्या प्रकारचा दोष काढला तर वस्तूच नाहीशी होते. दुसऱ्या प्रकारचा ठेवला तर ती कोणाच्या कामाची राहत नाही. हा विवेक करावयाचा तर मूळ वस्तू जपून ठेवलेली असली पाहिजे, तिचे आराखडे वाचणारा कोणी असला पाहिजे, आणि तिचा आवाज ऐकलेला कोणी असला पाहिजे.

जगात अन्यत्र ही साखळी तुटली नाही. जर्मनीतील डीटर डोएप्फर यांनी १९९५ साली लहान मापाच्या पट्ट्यांची पद्धत काढली. भाच्याच्या पट्टीचे १२८.५ मिलिमीटर त्याच पद्धतीतले. एक सामाईक माप ठरल्यामुळे लहानलहान कारागिरांना अशा पट्ट्या करणे शक्य झाले, आणि त्यांतील अनेकांनी जुन्या गाळण्यांचे अवतार केले. गाळण्यांसाठी १९८०च्या सुमारास निघालेल्या आणि पुढे बंद पडलेल्या काही चिपांचे नवे उत्पादनही पुढील काळात सुरू झाले.

आपल्या देशात काय झाले? मूग यांना एकस्व मिळाले त्या १९६९च्या शरदातच त्यांचे एक मॉड्युलर यंत्र अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत येऊन पोहोचले होते. ही संस्था १९६१ साली स्थापन झालेली. यंत्राची उभारणी करण्यास अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर आले होते. या घटनेमागे गीता साराभाई यांचे संगीतप्रेम होते. त्यांनी १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केज यांना भारतीय संगीताचा परिचय करून दिला होता आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीताचे धडे घेतले होते. त्या यंत्रावर गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी काम केले. कोणी पक्ष्यांच्या आवाजाचा भास निर्माण केला, कोणी अंतराळप्रवासाची कल्पना नादांत उतरविली. युरोपातल्याही अनेक संगीतशाळांत असे यंत्र नव्हते, त्या काळातली ही गोष्ट आहे.

१९७२नंतर ते काम पुढे चालले नाही. फितींच्या गुंडाळ्या संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. दीर्घ काळाने पॉल पुर्गस या ब्रिटिश संगीतकाराने त्या शोधून काढल्या. २०२० साली बी.बी.सी.च्या रेडिओवर त्यांविषयी कार्यक्रम झाला आणि २०२३ साली निवडक ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध झाली. त्या मधल्या काळात मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली जपानी यंत्रांवर दहा राग वाजवून तबकडी काढली. त्यांतील एका यंत्रात शिडीच्याच जातीची गाळणी होती. पण त्या तबकडीचीही तेव्हा फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० साली ती परदेशातून पुन्हा निघाली तेव्हा लोकांचे कान टवकारले. दोन्ही वेळा आरंभ आपल्याकडे वेळेवर झाला होता. उणीव होती ती सातत्याची, पुढच्याने मागच्याचे ऐकण्याची. अहमदाबादच्या फिती निदान कोणी फेकून दिल्या नाहीत, हे आपले भाग्य.

असे मी म्हणतो याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका जिल्ह्यात, एका कार्यालयात होतो. निरुपयोगी सामानाची यादी माझ्यापुढे आली. मोडक्या खुर्च्या, गंजलेली कपाटे, एक टेपरेकॉर्डर आणि फितींच्या गुंडाळ्यांचा एक खोका. खोका उघडून पाहण्याइतके कुतूहल मला होते. गुंडाळ्यांवर कोणा पूर्वीच्या कर्मचाऱ्याने सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लावल्या होत्या: 'करमा', 'सैला', 'ददरिया', खाली गावांची नावे आणि तारखा. यंत्र चालत नव्हते. दुरुस्त करणारा गावात नव्हता. मी शेरा मारला: 'यंत्र नादुरुस्त. फिती ऐकता येत नाहीत. उपयोग नाही.' आणि सही केली. नियमाप्रमाणे त्यात काहीही वावगे नव्हते. कोणी मला जाब विचारला नाही, आणि पुढेही विचारणार नाही.

कुंडमला त्या रात्री गाणे ऐकताना मला तो खोका आठवला. त्या फितींत काय होते हे आता कोणालाच कळणार नाही. कदाचित नुसती खरखर असेल. कदाचित आज कोणी गात नाही असे एखादे गाणे असेल. दोष यंत्रात होता. शिक्षा मात्र मी फितींना दिली. यंत्राचा दोष दुरुस्त होण्याजोगा होता, भाच्याच्या पट्टीतल्या तापमानाच्या दोषासारखा. पण दोष कोणत्या जातीचा आहे, ही चौकशीच मी केली नाही.

शासनाचे पुष्कळसे काम गाळण्याचेच असते. शंभर कागद येतात, दहा पुढे जातात. गाळल्यावाचून कारभार चालत नाही, जसा गाळल्यावाचून नादाला आकार येत नाही. तेव्हा गाळू नये, असे मी म्हणणार नाही. उंबरठा कोठे ठेवावा, एवढाच प्रश्न आहे. आणि मूग यांच्या शिडीने तो हलता ठेवला, हे तिचे मोठेपण. आज गाळलेले उद्या कळ फिरवून परत ऐकता येते, कारण मूळ नाद आत शाबूत असतो. माझ्या सहीने गाळलेले परत येत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी भाच्याने आपल्या लहानशा मुद्रणयंत्रावर त्या गावकऱ्यांच्या संमतीने करम्याची दोन गाणी टिपली. संध्याकाळी ओसरीवर त्याने ती त्या गाळणीतून सोडली आणि कळ माझ्या हाती दिली. मी ती डावीकडे नेली तशी अक्षरे गेली, बायकांचे आवाज गेले, आणि उरला तो पहिल्या रात्रीचा दूरचा घुमारा. मग सावकाश उजवीकडे. घुंगरू ऐकू येईपर्यंत.

हल्ली निरुपयोगी सामानाची यादी माझ्यापुढे आली की मी सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारतो: यांत ऐकण्या-वाचण्यासारखे काही आहे काय, आणि असल्यास ते का वाजत नाही? त्यामुळे याद्या थोड्या रेंगाळतात. माझे हाताखालचे लोक त्याबद्दल कुरकुर करतात, हेही मला ठाऊक आहे.